एका हातानं चालणारं कॉफीचं यंत्र

२ सप्टेंबर, मंगळवार

आज गौरी गेल्या. जाताना माझ्या डोक्याला एक काम लावून गेल्या, ते लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही. भोरच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं मिस्त्री होतो. कुठली गाडी काय आवाज करत आत आली, काय खोललं, काय बदललं, हे रोज रजिस्टरला लिहायची सवय. रिटायर होऊन चार वर्षं झाली. गाड्या सुटल्या, सवय सुटली नाही. खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी आठ महिने कोरी पडून होती, तिला आता कामाला लावतो.

जानेवारीत चंद्राला, म्हणजे माझ्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजवा हात मात्र अजून धड नाही. वस्तू धरते आणि मधेच सोडून देते.

आता हे का लिहितोय ते. मार्गासनीत कुणाच्याही घरी पाहुण्याला चहा मिळतो, आमच्या घरी कॉफी मिळते. चंद्राचे वडील भाटघरला धरणावरच्या सरकारी बंगल्यात खानसामा होते. कुणा कर्नाटकी साहेबानं त्यांना कॉफी शिकवली, त्यांनी लेकीला शिकवली, आणि लेक लग्नात पितळी गाळणी घेऊन माझ्या घरी आली. वर जायफळाची चिमूट हे तिचं स्वतःचं. वेल्ह्याला जाणारी माणसं आमच्या दारात गाडी थांबवायची. कप ती स्वतः आणून पाहुण्याच्या हातात द्यायची, ट्रे फिरवणं तिला आवडत नाही. द्यायच्या-घ्यायच्या बाबतीत ती कडक. गल्लीतल्या पोरानं बिस्किटासाठी डावा हात पुढे केला तर बिस्कीट मागे घ्यायची, उजवा पुढे आला की मगच द्यायची.

काल हळदीकुंकवाला बायका आल्या. चंद्रा एका हातानं पातेलं उतरवायला गेली आणि ते कलंडलं. पायावर सांडलं नाही हे नशीब. मग शेजारच्या धनाजीची बायको प्रेरणा हिनं आपल्या घरून चहा करून आणला आणि सगळ्यांना दिला. चंद्रा आतल्या खोलीत जाऊन बसली ती बायका जाईपर्यंत बाहेर आली नाही. संध्याकाळी मला म्हणाली,

"आपल्या घरातनं पावन्या बाया दुसरीच्या हातचा च्या पिऊन गेल्या. वैष्णवीची सासू येईल तवा म्या भायेर येनार न्हाई. सांगा, आजारी हाय."

वैष्णवी आमची एकुलती एक. पुण्यात लॅबमध्ये रक्त तपासते. पासलीच्या घरी तिचं ठरलंय, लग्नाची तारीख धरायला ती मंडळी बारा ऑक्टोबरला येणार. सासू पहिल्यांदाच आमचं घर बघणार आणि मुलीची आई आत दडून बसणार, हे मला चालणार नाही. काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सुचलं. म्हणजे वैष्णवीला सुचलं. तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एका यंत्राच्या डोक्यावर कॉफीच्या बिया ओतल्या, एक बटण दाबलं आणि खाली कप भरला. मी तो अकरा वेळा बघितला. यंत्र बिया आपणच दळतं, पूड आपणच दाबतं, गरम पाणी जोरानं त्यातून काढतं आणि उरलेला चोथा वडीसारखा करून आतल्या खणात टाकतं. दुधाला वाफ देऊन फेससुद्धा तेच काढतं. चौतीस वर्षांत मी भले भले पंप आणि इंजिनं बघितली, पण एवढ्याशा पेटीत जातं, पंप आणि बॉयलर बसवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.

वैष्णवी म्हणते ह्याला फुल ऑटोमॅटिक म्हणतात. माणसाला फक्त बटण दाबायचं काम. आणि बटण दाबायला एक हात पुरतो!

९ सप्टेंबर, मंगळवार

चार दिवस अभ्यास केला. घरी वापरायच्या यंत्रांच्या तीन जाती आहेत.

एक, अर्धी ऑटोमॅटिक. तिच्यात दांड्याच्या वाटीत पूड भरा, दाबा, पिळून बसवा. ते पिळणं दोन हातांचं. बाद. दुसरी कॅप्सूलची. बंद डबी आत घालायची आणि कॉफी काढायची. सोपी आहे, पण डब्या संपल्या की मार्गासनीत कोण देणार. शिवाय चंद्रानं विचारलं, "डबीतली कॉफी कवा दळली?" मला सांगता आलं नाही. तीही बाद. उरली फुल ऑटोमॅटिक.

धनाजीला दाखवलं तर तो म्हणाला, पितृपक्षात नवी वस्तू घेता का? मी म्हटलं, बघायला पक्ष आडवा येत नाही, घ्यायला येतो. बघून ठेवू, घटस्थापनेला घरी आणू.

रविवारी घरी आलेल्या वैष्णवीचं म्हणणं, साधी गरम पाण्यात ढवळायची पुडीची कॉफी आणा आणि मोकळे व्हा. ह्यावर चंद्रानं लेकीकडे असं बघितलं की तो विषय तिथंच संपला.

१३ सप्टेंबर, शनिवार

पुण्याला जाऊन आलो. दुकानात शेफाली नावाची मुलगी यंत्रं दाखवायला होती. फार हुशार. मी दारातच उजवा हात खिशात घातला आणि ठरवलं, बाहेर पडेपर्यंत काढायचा नाही. चंद्राला जे डाव्या हातानं जमेल तेच यंत्र चांगलं, बाकी सगळी जाहिरात.

पहिलं यंत्र काळं, चकचकीत. पुढे बटणंच नाहीत, नुसती काच. बोट नेमकं चित्रावर टेकलं तर चालतं, सरकलं तर दुसरीच कॉफी. पाण्याची टाकी मागच्या बाजूला, सरळ वर उपसायची. एका हातानं उपसली तर तिरकी होऊन अडकते. तीनदा अडकली.

दुसऱ्याची टाकी बाजूला होती, ती निघाली. पण चोथ्याचा खण ओढला तर खणाबरोबर सगळं यंत्र पुढे आलं. एक हात ओढायला आणि दुसरा यंत्र धरायला लागतो. तिकडे पळणारी गाडी आणि इकडे ब्रेक मारणारा माणूस, असं चालत नाही.

तिसरं दिसायला साधं. टाकी पुढून निघते, तिला वर मूठ आहे, बेसिनमध्ये नळाखाली आपली आपण उभी राहते. खण पुढून. वजन एवढं की ओढलं तरी जागचं हलत नाही. आणि पाच खरीखुरी बटणं, दाबली की टक् वाजणारी. कॉफी जिथं तयार होते तो भाग बाजूचं दार उघडून बाहेर येतो, नुसत्या पाण्यानं धुवायचा. अंगठा आणि एक बोट एवढ्यावर सुटतो. मी तो सहा वेळा काढला आणि बसवला. असा भाग माझ्या गाड्यांना असता तर माझी कंबर आज शाबूत असती.

शेफालीनं शेवटी हळूच विचारलं, काका, हाताला काही लागलंय का? मी म्हटलं, माझ्या नाही. तिनं स्वतःचा उजवा हात पाठीमागे घेतला आणि दुधाचं भांडं लावून दाखवलं. ते तिला एका हातानं जमलं. मी तिला मनापासून शाबासकी दिली.

जाताना तिनं बजावलं, फार काळ्या, तेलकट बिया घेऊ नका, जात्यात चिकटतात. आणि बियांशिवाय वरच्या डब्यात काहीही पडू देऊ नका. किंमत इथे लिहीत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज चंद्राला भोरला शिवानी मॅडमकडे नेलं. त्या हाताचा व्यायाम घेतात. वय असेल अठ्ठावीस, पण बोलणं डेपो मॅनेजरसारखं. त्यांनी ताटलीत मूठभर तांदूळ टाकले आणि उजव्या हातानं एकेक दाणा उचलायला सांगितला. चंद्रानं दोन उचलले, तिसरा निसटला, मग हात पदराखाली घेतला. म्हणाली, "म्या काय बारकं पोर हाय का तांदूळ खेळायला?"

मॅडम मला बाहेर घेऊन म्हणाल्या, काका, ह्यांना रोज करायला लावा. मी हो म्हटलं. पण मनात आलं, बिचारीला कशाला त्रास? आता असं यंत्र येतंय की उजव्या हाताची गरजच पडणार नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आणलं! स्वारगेटहून एसटीनं आलो. खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं. कंडक्टर ओळखीचा निघाला, म्हणाला, मिस्त्री, ह्यांचं तिकीट? मी म्हटलं, हे ज्येष्ठ नागरिक नाहीत, पण मान त्यांच्याएवढा आहे.

ओट्यावर ठेवलं, विजेचा दाब इथे कमी-जास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर लावला, बिया भरल्या. म्हशीचं दूध दाट, सायीनं नळी तुंबेल अशी शंका होती. चंद्रानं तिची पितळी गाळणी काढली आणि दूध दोनदा गाळायला लावलं. मग तिनं डाव्या हातानं बटण दाबलं. आतून जातं फिरलं, पंपानं दम घेतला आणि कप भरला. एका थेंबाची गडबड नाही.

चंद्रानं आधी वास घेतला. डोळे मिटून बराच वेळ घेतला. मग एक घोट.

"चांगली हाय. लई चांगली हाय. पर जायफळ कुटं हाय?"

जायफळ यंत्राला येत नाही. मी लगेच बारकी किसणी एका फळीवर दोन स्क्रूंनी पक्की केली आणि फळी ओट्याला ठोकली. आता एका हातानं जायफळ घासलं की झालं. तिनं चिमूटभर टाकून दुसरा कप केला आणि माझ्यापुढे ओट्यावर सरकवला. नऊ महिन्यांनी ही चव. मी तिच्यासमोर रडलो नाही, एवढंच लिहितो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

एक गोष्ट कळत नाही. आज धनाजी आला. चंद्रानं आतून विचारलं, कॉफी घेणार का? तो घेणारच. तिनं यंत्रावर झकास कॉफी केली, आणि मग मला आत हाक मारून म्हणाली, "तेवढा कप द्या त्यास्नी." स्वतः बाहेर आली नाही. काल पोस्टमन आला तेव्हाही तसंच.

कॉफी तर तीच करते, पाण्याची टाकीसुद्धा तीच भरते. सगळं डाव्या हातानं होतंय. कप नेणंही डाव्या हातानं होईल, हलका तर आहे. मग अडलंय कुठं? मला वाटतं चेहऱ्याची लाज वाटत असावी, ओठाचा कोपरा अजून थोडा वाकडा आहे. मला तर तो दिसतही नाही. यंत्रात दोष नाही, हे मात्र नक्की. मी सगळं पुन्हा तपासलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आजचा दिवस वाईट.

डेपोत असताना खंडेनवमीला आम्ही पाने, जॅक, हातोडे मांडून पूजा करायचो. घरी मी अजून करतो. यंदा माझ्या पान्यांच्या शेजारी कॉफीचं यंत्रही मांडलं, झेंडूची माळ घातली. वरच्या बियांच्या डब्याचं झाकण उघडं ठेवलं, बियांनाही कुंकू लागावं म्हणून. ही माझी अक्कल.

पूजा चंद्रा करते. मी म्हटलं, कर डाव्या हातानं, देव समजून घेईल. ती म्हणाली, "देवाला डावा हात?" आणि उजव्या मुठीत अक्षता घेतल्या. मूठ पान्यांवरून नीट फिरली. यंत्रावर आली आणि अचानक सुटली. सगळ्या अक्षता उघड्या डब्यात बियांवर पडल्या. मला वाटलं, वरवर आहेत, नंतर काढू. तेवढ्यात पूजेनंतरची पहिली कॉफी म्हणून तिनं बटण दाबलं.

जात्याचा आवाज आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. खडखडलं, किंचाळलं आणि थांबलं. लाल दिवा लागला.

चंद्रा खाली बसली. म्हणाली, "म्या मोडलं. एवढं चांगलं आनलं तुमी, आन् म्या मोडलं." मी सांगितलं, झाकण मी उघडं ठेवलं होतं. ते तिला ऐकूच गेलं नाही. कंपनीला फोन केला तर त्यांचा माणूस पंधरा दिवसांनी येणार. पासलीची मंडळी अकरा दिवसांवर आली आहेत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पंधरा दिवस थांबायला मी काय कारकून होतो?

सकाळी यंत्र खोललं. आधी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जात्यावर आणि मूठ कानाला लावून चाक हातानं फिरवलं. इंजिनातला आवाज आम्ही असाच शोधायचो. एका जागी कुरकुर येत होती. वॉरंटीचं स्टिकर फाटलं, फाटू दे. वरचं चाक निघालं आणि दातात तीन दाणे बसलेले दिसले. आमच्याच शेतातला इंद्रायणी, कुंकू लावलेला. दाताला ओरखडासुद्धा नाही. काय धातू वापरलाय बनवणाऱ्यानं!

डब्यातल्या बाकीच्या बिया मी टाकून देणार होतो. चंद्रानं टाकू दिल्या नाहीत. परातीत ओतून मागच्या दारात बसली निवडायला. तांदूळ निवडण्यात तिचा हात धरणारी बाई ह्या खोऱ्यात नाही. ती बियांतून तांदूळ निवडत होती, उलटंच काम, पण बोटं चालली होती. मी यंत्रात मान घालून होतो म्हणून नीट बघितलं नाही. तासाभरानं तिनं वाटीभर बिया पुढे ठेवल्या, एक दाणा सापडला नाही. जोडलं, बटण दाबलं, आणि पहिल्यासारखा आवाज. यंत्र आणि निवडणारी, दोघांनाही मानलं.

आता नियम केला आहे. बिया थेट यंत्रात नाही. आधी परातीत ओतायच्या, चंद्रानं निवडायच्या, मी तपासायच्या, मग डब्यात.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. चंद्रानं आपट्याचं पान कुणाला दिलं नाही, हात पदराखालीच ठेवला. वैष्णवीनं दिलं सगळ्यांना.

५ ऑक्टोबर, रविवार

परातीत पुन्हा तांदूळ. मी शेतावरून आलो, बिया तपासायला घेतल्या तर त्यात दहा-बारा दाणे. कुंकवाचे, म्हणजे पूजेचेच राहिले असणार. पण दसऱ्याला तर एकही नव्हता. चंद्राला विचारलं तर म्हणाली, "ऱ्हायलं असत्याल." शेफालीनं बजावलं होतं, बियांशिवाय काही नको, आणि आमच्या घरात तांदळाचा पाऊस. मी थोडा जोरात बोललो. ती परात ओढून पुन्हा निवडायला बसली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज चाळीस दाणे. मोजले. तेही लालच. तांदळाचं पोतं ओट्याजवळ होतं, ते उचलून माळ्यावर टाकलं. उंदरांचा संशय आहे, सापळा लावला. पण उंदीर कुंकू लावून दाणे आणतो का, हे मला कोणी सांगावं.

भोरला जाऊन आलो. शिवानी मॅडमनी चंद्राचा उजवा हात हातात घेतला, दाबून बघितला आणि तिच्याकडे बघून हसल्या. मला म्हणाल्या, बोटं चांगली सुधारलीत, काय केलंत? मी सांगितलं, यंत्र आणलं. डाव्या हातावर सगळं काम गेलं, उजव्याला विश्रांती मिळाली, त्याचाच गुण. मॅडमनी पुढची तारीख लिहून दिली. चंद्रा खिडकीबाहेर बघत होती. एका यंत्रानं किती कामं करावीत!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

तांदूळ आजही होते. सापळा रिकामा. मी नाद सोडला, नुसता तपासतो. जात्यात एक दाणा जाऊ दिला नाही अजून.

परवा पाहुणे. मी चंद्राला विचारलं, येशील ना बाहेर? म्हणाली, बघू. नाही म्हणाली नाही, पण हो पण म्हणाली नाही. वैष्णवीला फोनवर सांगितलं की ट्रे तयार ठेव, कप तू ने.

१२ ऑक्टोबर, रविवार

सविस्तर लिहितो.

पाहुणे अकराला आले. जावई, त्याचे वडील आणि आई फुलाबाई. फुलाबाई म्हणजे काटक बाई, पासलीच्या डोंगरात भात लावून हात लाकडासारखे झालेले. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "इहीनबाई कुटं हायत?" मी तोंड उघडलं. आजारी आहे म्हणायचं ठरलं होतं, पण ते गिळलं. म्हटलं, आत आहे, येईल.

तेवढ्यात आतून जातं फिरल्याचा आवाज आला. पंप चालला. वैष्णवी ट्रे घेऊन आत गेली आणि रिकामा ट्रे घेऊन परत आली. माझ्या कानात म्हणाली, आई ट्रे नको म्हणते.

मग चंद्रा दारात आली.

कपबशी तिच्या उजव्या हातात होती. डावा हात तिनं उजव्याच्या कोपराला लावला होता, वडीलधाऱ्याला मानानं काही देताना लावतात तसा. दारापासून फुलाबाईंपर्यंत आठ पावलं. जुन्या गाडीच्या खिडकीची काच वाजावी तसा कप बशीत वाजत होता. तिसऱ्या पावलाला कॉफी बशीत सांडली. मी उठायला गेलो. चंद्रानं माझ्याकडे एकदा बघितलं, मी परत बसलो. खोलीत कोणी घाई केली नाही. आठवं पाऊल पडलं आणि कप फुलाबाईंच्या हातात गेला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. निम्मी कॉफी बशीत होतीच. त्यांनी कपातली उरलेलीही शांतपणे बशीत ओतली, बशी तोंडाला लावली, आणि म्हणाल्या, "आमी बशीतनंच पितो." मग थांबून विचारलं, "जायफळ हाय का ह्यात?"

"व्हय," चंद्रा म्हणाली. "बाकी समदं यंत्र करतं. जायफळ माझं."

आणि ती वळून आत गेली, दुसरा कप आणायला. चार माणसांचे चार कप, चार फेऱ्या. शेवटचा माझा. माझ्या हातात दिला तेव्हा बशीत थेंब नव्हता. लग्नाची तारीखही ठरली, ती वैष्णवीला विचारून उद्या लिहितो. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, अगं, डाव्या हातानं सोपं गेलं असतं, त्यासाठीच तर मी एवढं शोधून आणलं. ती हसली. माझ्यासारख्या मिस्त्रीला न समजलेली गोष्ट तिनं एका वाक्यात सांगितली.

"तुमचं यंत्र लई गुनाचं हाय, पर पावन्याला डाव्या हातानं द्यायचं व्हय?"

पुण्यात मी अख्खी दुपार उजवा हात खिशात घालून उभा होतो. टाकी बघितली, खण बघितला, बटणं बघितली. कप भरल्यानंतर तो जातो कुठं, हे बघितलं नाही. जी बाई पोराला डाव्या हातानं बिस्कीट घेऊ देत नाही, तिला मी डाव्या हाताचं यंत्र आणून दिलं आणि विचारत बसलो, अडलंय कुठं.

नंतर साखर भरायला फळीवरचा डबा काढला, तर त्याच्यामागे एक बारकी वाटी सापडली. तिच्यात तांदूळ होते. कुंकू लावलेले, हात लागून लागून गुळगुळीत झालेले. मी मोजले. चाळीस. मला शिवानी मॅडमची तांदळाची ताटली आठवली. वाटी होती तशी मागे सरकवून ठेवली. सापळाही काढून टाकला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज चंद्रा अंघोळीला गेली तेव्हा मी परातीत बिया ओतल्या. वाटीतले चाळीस दाणे त्यात टाकले. माळ्यावरच्या पोत्यातून आणखी मूठभर काढून आणले, तेही टाकले आणि नीट मिसळले. ती आली, परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदर खोचून निवडायला बसली. मी शेताकडे निघालो, भात पिवळं पडायला लागलंय.